दोन सुतांपर्यंत

आमच्या धाकटीला कुठलीही गोष्ट सांगून करायची सवयच नाही. घराला आग लागली तर ही मुकाट्याने उठून बादली आणेल, पण तोंडातून "आग" हा शब्द काढणार नाही. का, तर कुणी विचारलं नाही. वय वर्षं एकतीस. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी ती खोलीतून बाहेर आली ती भिंतीला हात लावून. मला वाटलं, अजून झोपेत आहे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. महिनाभरात तिच्या खोलीपासून कारखान्याच्या दारापर्यंत पांढऱ्या भिंतीवर मळकट पट्टा उमटला.

मी म्हटलं, "काय गं, भिंत पडतेय का, धरून चालतेस ती?"

"भिंत नाही पडत. मी पडेन."

एवढं बोलून कामाला गेली. आता यावर आईने काय समजायचं?

कारखाना म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, घराच्याच मागच्या दोन खोल्या. एकीत सहा शिलाई मशिनं आणि सहा बायका, दुसरीत कापायचं टेबल आणि आमची धाकटी. शाळांचे गणवेश शिवतो आम्ही. मी स्वतः तिसरीत शाळा सोडली, पण तीन शाळांची पोरं माझे कपडे घालून शिकतात, हे मी मुख्याध्यापकांनाही ऐकवायला कमी करत नाही.

धाकटी पहिल्यापासून वेगळी. पाच वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी दोन दिवस बोलून सांगितलं, हिला ऑटिझम आहे, जन्मापासून आहे. सूनबाईने मला त्याचा अर्थ समजावला. मी म्हटलं, यात नवीन काय? दोन दिवस घालवून बाईंनी मला माझीच मुलगी सांगितली. ट्यूबलाइटची घरघर हिला दुसऱ्या खोलीतून ऐकू येते. मशिनं सुरू झाली की कानांवर ते मोठे आवाज थांबवणारे हेडफोन चढतात. एकदा एका मुख्याध्यापिकेला तिने तोंडावर सांगितलं होतं की तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन सूत खाली आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाई रागावल्या, ऑर्डर जाते की काय असं झालं. मग मी टेप लावला. दोन सूत खालीच होता.

अशी नजर. म्हणून तर टेबल तिचं.

पण त्या टेबलावर कापायचं मशीन आहे. खाली चपटा पाय, वर मोटर, मध्ये वीतभर उभी सुरी. साठ थर कापड एका दमात कापते. आमच्या ह्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वरच्या पेरापासून तिनेच नेलं, कुणीतरी हाक मारली म्हणून मागे वळले तेवढ्यात. ते गेल्यावर अकरा वर्षं मी कापलं, आणि गेली नऊ वर्षं धाकटी कापते. लोखंडी जाळीचा हातमोजा घातल्याशिवाय ती बटणाला हात लावत नाही. तरी आता तीच सुरी आणि समोर भिंत धरून चालणारी मुलगी. माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

माझा थोरला मुलगा आम्हाला गाडीत घालून तीन डॉक्टरांकडे घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरांनी कानात गरम पाणी सोडलं, मग गार सोडलं. धाकटीने त्यांच्या बुटांवर ओकारी काढली आणि "सॉरी, डावा बूट जास्त भरला" असं सांगितलं. दुसऱ्यांनी डोक्याचा फोटो काढला. त्या धडधडणाऱ्या नळकांड्यात माणसं घाबरतात म्हणे. ही बाहेर येऊन म्हणाली, आवाज छान होता, ताल चुकत नव्हता. तिसरे मोठे डॉक्टर.

"सगळं गोल फिरतं का?"

"नाही."

"डोळ्यांपुढे अंधारी येते?"

"नाही."

"मग होतं तरी काय?"

"उभी असले की गादीवर उभी असल्यासारखं. चौकड्यांचं कापड समोर असलं की गादी जास्त मऊ."

"दहापैकी किती त्रास, सांगा बरं."

"दहा काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी ते म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत, मनावर ताण असेल. मी म्हटलं, "डॉक्टर, ताण मला आहे, आणि मी सरळ चालते."

कागद सगळे स्वच्छ निघाले. लोक म्हणाले, बरं झालं. कसलं बरं? रोगाला नाव असलं की माणूस त्याला शिव्या तरी देतो. इथे आठ महिने मुलीच्या पायांखाली गादी, आणि ती कुणी अंथरली ते कुणालाच ठाऊक नाही.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष कानांत. मी मशीनवाल्या बायकांच्या खोलीत बसायची, काजं-बटणं तपासायची, पण कान भिंतीपलीकडे. सुरीची घूं सुरू झाली की माझी बोटं थांबायची. मध्येच घूं बंद पडली की मी श्वास धरून मोजायची, एक, दोन, तीन, चार. पुन्हा सुरू झाली की सोडायची. आत जाऊन बघायची हिंमत नव्हती. हाक मारायची तर त्याहून नव्हती. ह्यांचा हाकेनेच तर घात झाला होता.

काही दिवस घूं अजिबात यायची नाही. जाऊन बघावं तर बाई जमिनीवर बसून पुठ्ठ्याचे साचे लावते आहे, मोठ्या मापाचे इकडे, लहान मापाचे तिकडे. "आज कापायचं नाही वाटतं?" मी विचारायची. ती "नाही" म्हणायची. का नाही, ते काही नाही. मग माझी जीभ सुटायची. आळशी म्हटलं मी तिला. मनातून खरं तर हायसं वाटायचं, पण तसं म्हणून कोण दाखवतं?

आता माझा घोळ सांगते. सांगायला जड जातंय, तरी सांगते.

आमच्याकडे नवीन कापड आलं की त्याचा तुकडा भिजवून, वाळवून, इस्त्री करून मोजायचा. जितके सूत आटलं तो आकडा टेबलाच्या कोपऱ्यावर खडूने लिहायचा, आणि बायकांनी शिवताना तेवढं सैल ठेवायचं. ही पद्धत मीच घातलेली. त्या कोपऱ्यावर दुसरं काही लिहायची कुणाची छाती नाही. या वर्षी चौकड्यांच्या स्कर्टांची मोठी ऑर्डर होती. एका सकाळी कोपऱ्यावर बघितलं तर चार. मी बायकांना सांगितलं, प्रत्येक शिवणीला चार सूत सैल ठेवा. दुसऱ्या दिवशी तीन. तीन ठेवा म्हटलं. पुढे एकदा सहा. आता एकच कापड रोज वेगळं आटेल का? दुधखुळ्या पोराला कळलं असतं. पण कापडवाल्यावर माझा आधीचाच राग. मी म्हटलं, मेल्याने कापडाचे गठ्ठे बदलले असणार. आणि धाकटीला विचारायचं? मी? आकडे वाचायला मीच तिला शिकवलं.

गेल्या शुक्रवारी थोरला शाळेतून परत आला तो स्कर्टांचा गठ्ठा घेऊन. टेबलावर आपटलाच त्याने.

"आई, एकाच मापाचे तीन स्कर्ट, आणि तीन वेगळ्या कमरा! मुली मैदानात एका हाताने स्कर्ट धरून उभ्या होत्या. सगळी शाळा हसत होती."

धाकटीने हेडफोन काढले. "दादा, मापं बरोबर आहेत."

"बरोबर? हा बघ टेप. हा इंचभर जास्त, हा पाऊण इंच, हा दीड!"

"मी कापलेली मापं बरोबर आहेत."

थोरला एकदम शांत झाला. तो ओरडतो तेव्हा मला भीती वाटत नाही, शांत होतो तेव्हा वाटते. "आई," तो म्हणाला, "ही चूक तिची नाही, चूक आपली आहे. जिला धड उभं राहता येत नाही तिच्या हातात आपण सुरी ठेवली. आज कंबर चुकली, उद्या बोट जाईल. सोमवारपासून कापायला माणूस येईल. मी ठरवलंय. ही आराम करेल."

"आराम म्हणजे काय करायचं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही करायचं गं. आराम."

"किती वाजेपर्यंत?"

थोरला स्कर्ट पुन्हा गठ्ठ्यात कोंबू लागला. सूनबाई पदराशी चाळा करत राहिली. धाकटी उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग दोन्ही हात कानांवर ठेवून, मशिनं बंद असूनही, तशीच भिंतीला खांदा घासत तिच्या खोलीत गेली. रात्री जेवली नाही. शनिवारी जेवली नाही. दाराबाहेरून मी दोनदा हाक मारली. आतून आवाज येत होता, बारीक, एकसारखा: ती टेपवरचे आकडे पहिल्यापासून साठपर्यंत म्हणत होती, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी आठला ती टेबलाशी जाते म्हणून तिला सकाळ आहे, सहाला टेबल पुसते म्हणून संध्याकाळ आहे. टेबल काढून घेतलं तर या मुलीचा दिवस कुठे ठेवायचा?

रविवारी सकाळी मी कापायच्या खोलीत गेले. न शिवलेला एक गठ्ठा उरला होता. साचा वर ठेवून एकेक तुकडा ताडून बघितला. केसाचा फरक नाही. मग बिघडलं शिवणात, असं म्हणून मी मनातल्या मनात चष्मेवालीचं श्राद्ध घालायला घेतलं. चष्मेवाली म्हणजे आमची सगळ्यांत जुनी मशीनवाली. तेवढ्यात आठ वाजले आणि धाकटी आली, भिंत धरून, तोंड सुकलेलं. माझ्याकडे बघितलंही नाही. खाकी कागद टेबलावर पसरला. पट्टी बाजूला ठेवली. खडू घेऊन, कशाचाही आधार न घेता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. मग लोखंडी पट्टी लावून, रेघ पट्टीपासून किती सुटली ते मोजलं, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिलं: तीन.

मी स्टुलावर बसले.

"हे काय आहे?"

"आजचा आकडा."

"कापडाचा?"

"कापड आटतच नाही. मी भिजवून बघितलं होतं, शून्य आलं. शून्य आपण लिहीत नाही."

"मग कुणाचा?"

"माझा. मी किती हलते त्याचा. दोन सुतांपर्यंत मी कापते. तीनला नाही कापत."

"आणि त्या दिवशी सहा होता तो?"

"त्या दिवशी मी साचे लावत होते. तू आळशी म्हणालीस."

"अगं, मग हे त्या डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी दहापैकी विचारलं."

"आणि लिहायला नेमका हाच कोपरा सापडला?"

तिने प्रथमच माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या हनुवटीकडे. "आकडा तिथेच लिहितात," ती म्हणाली. "तूच शिकवलंस."

रविवार कसा गेला ते मला विचारू नका. खाई त्याला खवखवे. चाळीस वर्षं मी बायकांना बजावत आले, आकडा बघून बोला, आणि मीच मुलीची चक्कर घेऊन तीनशे स्कर्टांत शिवली. पण लाजेचं एक वेळ सोडा. खरं सांगते, दुपारभर माझ्या मनात वेगळंच पाप घोळत होतं. गप्प बसावं. उद्या माणूस येईल, सुरी त्याच्या हातात जाईल, माझ्या मुलीची दहाच्या दहा बोटं शाबूत राहतील. दोष तिच्यावर राहिला तर राहिला. तिला लोकांच्या बोलण्याचं तसं काही वाटत नाही. माझीही झाकली मूठ राहील. आईने मुलीचे हात वाचवावेत यात वाईट ते काय? असं स्वतःला समजावत मी चहा केला आणि तिच्या खोलीकडे गेले. आतून आकडे ऐकू आले. चोवीस, पंचवीस, सव्वीस. चहा तिथेच दाराशी गार झाला.

सोमवारी साडेआठला थोरला कटरला घेऊन आला. पन्नाशीचा, शांत माणूस, स्वतःची कात्री फडक्यात गुंडाळून आणलेली. त्याने कापडाचे थर चापून बघितले, चौकड्या जुळल्यात का ते वाकून बघितलं आणि मान डोलावली. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी. तिचे ओठ हलत होते. त्याने मशीनचा दांडा धरला आणि बटणाकडे बोट नेलं.

"थांबा!" मी म्हटलं. मग शेजारच्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "मशिनं बंद करा सगळी. इकडे या."

सहाही बायका दाराशी जमल्या. थोरला म्हणाला, "आई, आता काय?"

"कमरा मी चुकवल्या," मी म्हटलं. "कोपऱ्यावरचा आकडा कापडाचा नव्हता. ती स्वतःची चक्कर मोजून लिहीत होती. मी न विचारता तुम्हाला सैल ठेवायला लावलं. तिचा एकही तुकडा चुकलेला नाही. मी ताडून बघितलंय."

मग चष्मेवालीने चष्मा वर सरकवला. "काकू, मी विचारलं होतं तुम्हाला, एकच कापड रोज वेगळं कसं आटतं म्हणून."

"विचारलं होतंस. मी काय म्हणाले?"

"म्हणालात, तू स्कर्ट शिवतेस की कापडवाल्याशी सोयरीक जुळवतेस?"

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. हसू दे. हसण्यासारखंच होतं.

थोरला हसला नाही. "आई, चूक तुझी, मान्य. पण सुरी तर खरी आहे ना?" आणि बहिणीकडे वळून, आवाज उतरवून म्हणाला, "तुला राग यावा म्हणून नाही बोलत मी. मला झोप लागत नाही गं."

"दादा, मी आठ महिन्यांत चौऱ्याहत्तर दिवस कापलं," धाकटी म्हणाली. "सगळे दिवस दोन किंवा कमी."

"आणि कापता कापता वाढलं तर?"

तिची बोटं चौकटीवर वर-खाली फिरत होती. तिला खोटं बोलता येत नाही, हे तिचं एक दुखणं आहेच.

"एकदा वाढलं," ती म्हणाली. "मी बटण सोडलं आणि टेबलाखाली बसले."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

मला तो दिवस आठवला. घूं थांबली होती. मी चारपर्यंत मोजलं होतं, दहापर्यंत, शंभरपर्यंत, आणि मग मनाला समजावलं होतं की चहा पीत असेल. भिंतीच्या अलीकडे मी बटणं तपासत बसले होते. पलीकडे माझी मुलगी टेबलाखाली जमीन धरून बसली होती. आणि दोघींपैकी एकीनेही हाक मारली नव्हती.

थोरल्याने खाली मान घातली. कटर घसा खाकरून म्हणाला, "बाई, मग मी निघू का?"

"निघता कुठे? बसा, चहा येतोय. तिचा आकडा दोनच्या वर गेला की तो दिवस तुमचा. महिन्यात पंधरा दिवस तरी मिळतील. हात बदलण्यात चार दिवसांचं काम आठवड्यावर गेलं तर जाईल, शाळा काही पळून जात नाहीत. आणि टेबलावरची एकही वस्तू जागची हलवायची नाही, नाहीतर ती काही बोलणार नाही, पण मी बोलेन."

"ते दिसतंच आहे," कटर म्हणाला, आणि फडक्यातली कात्री मांडीवर घेऊन बसला.

मग मी धाकटीसमोर जाऊन उभी राहिले. तिच्या हाताला हात लावला नाही, तिला आवडत नाही. थोरला ऐकत होता, बायका ऐकत होत्या. ऐकू दे म्हटलं.

"आता माझं ऐक. टेबल तुझं. सुरीसुद्धा तुझीच, दोन सुतांपर्यंत. चक्कर जाईल की नाही ते मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, आणि तुलाही नाही. पण आठ महिने तू एकटीने मोजलंस आणि चाळीस मिनिटं एकटी खाली बसलीस, हे मी तुला माफ करणार नाही. उद्यापासून रेघ तू ओढायची, पट्टी मी लावायची. आणि तुला बरं वाटावं म्हणून मी एक सूतसुद्धा कमी सांगणार नाही, कळलं?"